चेटकिणीला मीठ कोण आणून देतं?

शाळेत रुजू झाले त्याच्या तिसऱ्याच दिवशी बाईंनी मला मधल्या सुट्टीत गाठलं. मी डबा उघडून पहिला घास मोडतेय, तोवर समोर उभ्या. ना नाव विचारलं, ना गाव. गाव त्यांना आधीच ठाऊक होतं.

"तू कुपवाडची ना? तुमच्याकडं गोष्टीतली चेटकीण राहते कुठं?"

मला वाटलं, नवी मास्तरीण बघून चेष्टा चाललीय. मीही ठसक्यात म्हटलं, "कारखान्याच्या शेडमध्ये राहत असेल. आमच्याकडं जंगल कुठंय?"

बाई हसल्या नाहीत. खांद्याच्या पिशवीतनं एक लांबट वही काढली आणि चक्क लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "शेड. चालू का बंद?"

"बंद," मी म्हटलं, आणि बोलता बोलता माझी मीच दचकले. कारण आमच्या गल्लीच्या टोकाला खरंच एक बंद पडलेली शेड होती, तिच्यात म्हातारी राहते असं सगळी पोरं म्हणायची आणि आम्ही तिच्यासमोरनं पळत जायचो. इतक्या वर्षांत मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. बाईंना सांगितलं तर त्यांचे डोळे लकाकले. "खायची काय?" मी म्हटलं, लहान मुलं. "ते सगळ्याच खातात गं. त्याच्याबरोबर काय? भाकरी का भात?" घंटा झाली, डबा तसाच राहिला.

वडूजच्या त्या शाळेत बाई आठवी ते दहावीला गणित शिकवायच्या. मराठी नाही, इतिहास नाही, गणित. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, मूळच्या सांगलीच्या. पाचवारी साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर वडिलांचं थोराड घड्याळ. हनुवटीवर एक पांढरा राठ केस होता. शाळेतल्या शिपाईमावशी एकदा धीर करून म्हणाल्या, "बाई, त्यो एवढा उपटून टाका की." बाई म्हणाल्या, "राहू दे. पोरं बघायला जवळ येतात. जवळ आली की गोष्ट विचारता येते."

सुट्टीच्या दिवशी लूना काढायच्या आणि तालुक्यातल्या वाड्यावस्त्या धुंडाळायच्या. पिशवीत टेपरेकॉर्डर, कोऱ्या कॅसेटी आणि गूळ-शेंगदाणे. गोळा करायच्या फक्त एकच गोष्ट, गोष्टीतली म्हातारी चेटकीण. कुणी राजाराणीचं लावलं की हात वर करून थांबवायच्या. "राजाला विचारणारे पुष्कळ आहेत. म्हातारी आली की सांगा." वहीत रकाने आखलेले होते. राहते कुठं, खाते काय, सोबत कोण, हसते कशी, शेवट काय. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, विहिरीत ढकलली, चुलीत भाजली, दगड झाली, पळवून लावली. एकदा ते पान माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "बघ. सगळ्या म्हाताऱ्या आहेत, पण म्हातारपणानं मेलेली एक नाही. खाटेवर पडली, कुणी दोन घोट पाणी पाजलं, असं एकीचंही नाही. हे गणितात बसत नाही."

मला हे सगळं खूळ वाटायचं, खोटं कशाला सांगू! मी विज्ञानाची. चेटकीण नसते, विषय संपला. पण बाईंचा विषय तिथं सुरू व्हायचा. "नसते हे मलाही माहीत आहे. पण नसलेल्या बाईबद्दल इतक्या गावांना इतकं ठाऊक कसं?"

आठवीच्या वर्गावर त्यांनी एकदा फळ्यावर उदाहरण घातलं. एक चेटकीण जंगलात एकटी राहते. गाव चार कोसांवर. तिच्या भाकरीला मीठ लागतंच. मीठ काही जंगलात पिकत नाही. तर तिला मीठ कोण आणून देतं? मी शेजारच्या वर्गात होते, मधल्या भिंतीला खिडकी होती, सगळं ऐकू आलं. मग एक पोरगा म्हणाला, "बाई, ती जादूनं करत आसंल."

"जादूनं करता आलं असतं तर सोनं केलं असतं आणि साताऱ्यात बंगला बांधला असता. पुढं?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "गावातलंच कुणीतरी गुपचूप देत आसंल, बाई."

बाईंनी स्वतःचं शाईचं पेन त्या पोरीला देऊन टाकलं. आणि लगेच फळा पुसून त्रैराशिकाला लागल्या, जणू काही झालंच नाही.

शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले त्या दिवसाची गोष्ट तर शाळेत अजून निघत असेल. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत शिपाईमावशींना उभं करून टेप चालू केलेला. त्यांच्या गावची चेटकीण कशी हसते ते मावशी हसून दाखवत होत्या, आणि मनापासून हसत होत्या. तेवढ्यात मुख्याध्यापक साहेबांना घेऊन दारात. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक. मावशी कोपऱ्यात. बाई मात्र टेप बंद न करता साहेबांपुढं गेल्या. "साहेब, तुमचं गाव कुठलं?"

"कराडजवळचं. का?"

"तिकडची कशी हसते?"

साहेब आधी तापले. मग कसं कुणास ठाऊक, दार लोटून घेतलं, घसा खाकरला आणि अशा चिरक्या आवाजात हसले की खिडकीवरचं कबूतर उडालं. त्यांची आजी तशी हसून दाखवायची म्हणे. जाताना शेऱ्याच्या वहीत लिहून गेले, शिक्षकवर्ग उत्साही आहे.

हळूहळू मीही लूनाच्या मागच्या सीटवर बसायला लागले. आधी गंमत म्हणून, मग मलाच करमेना. कुणाची चेटकीण ताक पिते, कुणाची कोंबड्या पाळते, एकीच्या घराला दारच नाही. मी विज्ञानवाली वही धरून बसायची आणि बाईंच्या आधी माझ्याच तोंडून निघायचं, दार नाही तर आत कशी जाते?

अनसाआजीकडं बाईंना मीच नेलं. हे आधीच सांगून टाकते.

माझं सासर वडूजपासून दोन कोसांवर. नवरा फौजेत, तिकडं लांब उत्तरेत. घरी मी, माझी तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. अनसाआजी गावाच्या कडेला एकटी राहायची. सत्तरीची, वाळलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिचं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ आडवं घ्यायचं, तेल जिरवायचं, वरनं कढत पाणी. गावातला चाळिशीच्या आतला असा माणूस नव्हता जो तिच्या नडग्यांवर पडून रडला नव्हता. माझा नवरासुद्धा. आणि ती गोष्टी सांगायची, त्या काय वर्णाव्या!

तिची चेटकीण मऊ भात खायची. का, तर दात नव्हते. बाईंनी रकाना भरला. मग शेवट आला. लाकूडतोड्याच्या पोरी सुटल्या, चेटकिणीचं घर ओस पडलं. बाईंनी विचारलं, "मग तिचं काय झालं? बुडाली?"

"छ्या! बुडंल कशाला? गेली म्हायेराला."

बाईंचा हात थांबला. "चेटकिणीला माहेर?"

"का? तिला आय नसंल व्हय?"

बाईंनी वही मिटली. उठून लूनापर्यंत गेल्या, तिथनं परत आल्या आणि आजीला म्हणाल्या, परत एकदा सांगा. आजीनं परत सांगितलं. परतीच्या वाटेवर बाई नुसता हॉर्न वाजवत होत्या, रस्त्यावर कुणी नसताना.

आजीला आपला आवाज ऐकायचा होता, म्हणून बाईंनी त्या कॅसेटची एक नक्कल करून तिला दिली. वर चिठ्ठी चिकटवली, फळ्यावरच्यासारख्या ठसठशीत अक्षरात, त्यांच्या नेहमीच्या शिस्तीनं. पहिल्या ओळीत विषय, दुसऱ्या ओळीत सांगणाऱ्याचं नाव, तिसऱ्या ओळीत गाव. आजीला अक्षर येत नव्हतं. ती कॅसेट घेऊन पिठाच्या गिरणीत गेली, कारण गावात टेप तिथं. गिरणीवाल्याला म्हणाली, "माजा आवाज लाव रं." गिरणीवाल्यानं चिठ्ठी गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून वाचली.

"चेटकीण! अनसाबाई! आन् खाली आपल्या गावचं नाव!"

दळण घेऊन बसलेल्या बाया खो-खो हसल्या. आजी सगळ्यांत जास्त हसली. टेप लागल्यावर तर म्हणाली, "ही कोण म्हातारी बोलती गं?"

आठ दिवस गेले. आमच्या मागल्या आळीत मंगल नावाची बाळंतीण होती, तिचं बारा दिवसांचं पोर दूध पिईना. छाती घरघरायला लागली. पोराला आंघोळ आजीच घालत होती. मंगलच्या सासूनं मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, मिरच्या शेगडीत टाकल्या, तर ठसका आला नाही. आमच्याकडं याचा अर्थ पोराटोरालाही ठाऊक असतो. मिरची जळून ठसका लागला तर काही नाही, वासच आला नाही तर जबर दृष्ट. कुणाची? मग कुणाला तरी गिरणीतली चिठ्ठी आठवली.

पोराला साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आठ दिवसांत खडखडीत बरं होऊन आलं. पण बोलणं राहिलं ते राहिलंच. मी आत्यांशी वाद घातला. आत्या जात्यावर बसल्यासारख्या शांतपणे म्हणाल्या, "आगं, शिकल्याल्या बाईनं लिवलंय. गाडीवरनं गावंच्या गावं हिंडून तपास करत हुती न्हवं चेटकिणींचा? मग तिला घावली ती."

आम्ही गोष्टी गोळा करत हिंडत होतो आणि गाव समजत होतं, सरकारी मोजणी चाललीय.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या वह्या तपासत होत्या. पेन खाली ठेवलं. "मी 'सांगणाऱ्या' लिहायला हवं होतं. सांगणाऱ्या, अनसाबाई. चिठ्ठी छोटी, म्हणून तो शब्द गाळला." रविवारी तडक गिरणीत गेल्या. शटरवर खडूनं तिन्ही ओळी लिहून बायांना समजावलं, ही विषयाची, ही सांगणाऱ्याची. बाया माना हलवत होत्या. बाईंना वाटलं जमलं. त्या भरात त्यांनी कॅसेटवर नवी चिठ्ठी चिकटवली, अनसाबाई चेटकीण नाहीत. गिरणीवाल्यानं तीही मोठ्यांदा वाचली. गिरणी बंद होती, त्यामुळं सगळ्यांना नीट ऐकू आली. एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "न्हाई म्हणून लिवायची पाळी आली म्हंजी बगा."

तिथनं आम्ही आजीकडं गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती, हात मांडीवर उपडे टाकून. तीन बाळंतिणी झाल्या होत्या गावात त्या महिन्यात, एकीकडूनही बोलावणं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "माझं चुकलं, आजी."

"तुमी काय मुद्दाम केलं व्हय? मला भाकरीचं न्हाई म्याडम, जुंदळा हाय घरात. हात रिकामं ऱ्हात्यात." मग रस्त्याकडं बघून म्हणाली, "पोरं माज्या दारावरनं पळत जात्यात आता. मीच न्हाऊ घातल्याली."

बाई तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसल्या. परत येताना चढावर लूना थांबवली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मी शोधतेय, गोष्ट सुरू व्हायच्या आधी काय झालं असेल. ती रानात कशी गेली असेल. कुणी धाडली असेल." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी धाडली गं." मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी लूना धरून उभी राहिले.

त्यानंतर टेपरेकॉर्डर कपाटात गेला. महिनाभर बाईंनी कुणाला काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत खाली मान घालून डबा खायच्या, ते बघून मावशीसुद्धा हळहळायच्या. मग एक दिवस येऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी ठसका का आला नाही?"

मला बरं वाटलं. बाई परत आल्या होत्या.

मंगलच्या सासूकडं जाऊन त्यांनी मिरच्यांची चौकशी केली. मिरच्या होत्या ब्याडगी, कर्नाटकातल्या पाहुण्यांनी आणलेल्या. दिसायला लालभडक, पण तिखट बेताच्या. त्यात पावसाळ्यात सर्दावलेल्या, आणि शेगडीत विस्तव निम्मा विझलेला. मग बाईंनी खोलीवर प्रयोग मांडला. एका वेळी एक मिरची, निखारे मोजून, घड्याळ समोर, खिडकी बंद. ब्याडगी ओली, ब्याडगी सुकी, मग सांगलीच्या बाजारातनं मागवलेली लवंगी. लवंगी टाकल्यावर घरमालकीण लेकरंबाळं घेऊन रस्त्यावर आली, खोकून खोकून लाल. "आवं म्याडम, खोली सोडायची तर तसं सांगा की!" बाई आतनं डोळे पुसत बाहेर आल्या आणि खुशीत वहीत वेळ टिपला.

"मग आता हे गावात समजावून सांगायचं?" मी विचारलं.

"नको. मी समजावलं की बिघडतं." मग माझ्या पोटाकडं बघितलं. सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे दुसरं सासरी व्हायचं होतं. बाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, आणि मीही समजून न समजल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर माझ्या बाळाला आजीनं न्हाऊ घालणं मला नको होतं. मी वर्गात न्यूटन शिकवत होते, पण रात्रंदिवस डोक्यात एकच, उगीच परीक्षा कशाला बघा?

बाई शेवटी आत्यांकडंच आल्या. सरळ विषय काढला. आत्या ताडकन म्हणाल्या, "माज्या नातवंडावर तुमचं पाप फेडायचं व्हय? तुमाला लेकरू न्हाई, बाळ न्हाई. तुमाला काय कळणार त्यातलं?"

मी शरमेनं मेले. बाई मात्र खाली मान घालून म्हणाल्या, "खरं आहे. नाही कळत. म्हणून तर विचारत हिंडते." चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या.

मला मुलगा झाला. वडूजच्या दवाखान्यात झाला आणि पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. आत्यांचं मनगट सांधेवातानं आखडलेलं, त्यांनी पहिली आंघोळ कशीबशी घातली, पोर हातातनं निसटता निसटता राहिलं. मी खाटेवरनं बघत होते. त्याच झटक्यात तोंडातनं निघून गेलं, "आत्या, अनसाआजीला बोलवा."

"डोस्कं फिरलंय तुजं."

"यांना कुणी न्हाऊ घातलं होतं?"

आत्या दुपट्यांच्या घड्या घालायला लागल्या. सकाळी उठून पाणी तापत ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "निरोप धाडून चालायचं न्हाई. मी जाती सोता." आणि गेल्या. माझी सासू अशी आहे. चार महिने बोल लावत होती, पण बोलवायचं तर रीतसर.

बाईंना शाळेतल्या मावशींनी कुठनं तरी कळवलं असणार, कारण आजी अंगणात शिरली त्याच वेळी फाटकात लूना थांबली. बाईंनी माझ्या हातात एक कागदाची पुडी कोंबली. "लवंगी. कडक उन्हात वाळवलेली. मी काही खोटं करत नाही, मिरची मिरचीसारखी असावी एवढंच." मी ती पुडी मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आणि तिथल्या मिरच्या काढून घेतल्या. आत्यांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

बातमी पसरायला कितीसा वेळ! अंगणाच्या कमरेएवढ्या कुडाच्या कुंपणापलीकडं बाया उभ्या राहिल्या. कुणाच्या कडेवर घागर, कुणाच्या हातात खुरपं, जसं काही वाटेनंच चालल्यात. त्यांच्यात मंगलही होती, पोराला पदराखाली घेऊन.

आजी अंगणात पाटावर बसली, लुगडं गुडघ्याच्या वर खोचून पाय लांब केले आणि माझ्याकडं हात पसरले. माझे हात बाळाला सोडेनात. मी, विज्ञानाची बाई, जिनं सासूशी वाद घातला, जिनं स्वतः बोलवायला लावलं, तीच तशी उभी. आजी बघत होती. सगळं गाव बघत होतं.

बाईंनी हळूच विचारलं, "काय वाटतंय?"

मला खोटं बोलता आलं नाही. "भीती वाटतीय."

कुडापलीकडं कुणीतरी श्वास घेतला तो मला ऐकू आला. आजीनं हात मागं घेतले नाहीत. म्हणाली, "वाटू दी की. मला बी वाटती. दर लेकराला वाटती, पयल्यापासनं. आगं, एवढासा जीव, न्हाई वाटलं तर हातात घ्यावा कुणी?"

मी बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. पुढं काही बघायची गरज नव्हती, पण मी बघितलं, डोळ्यांत तेल घालून. टाळूवर तेल, पाठीवर बोटं, मानेखाली एक हात कायम. पोर आधी किंचाळलं, मग गप्प पडून आजीच्या फूल पडलेल्या डोळ्याकडं टकामका बघायला लागलं. धुरी झाली, गुंडाळून झालं. आजीनं आत्यांना मीठ, मोहऱ्या, मिरच्या मागितल्या आणि बाळावरनं मूठ ओवाळायला सुरुवात केली. दृष्ट काढताना ज्याची त्याची नावं घेतात, घरच्यांचीसुद्धा, कारण मायेची नजरही लागते.

"आल्याची, गेल्याची, वाटंवरच्याची, पाणोठ्यावरच्याची. आयची, आज्जीची." मूठ थांबली. मग आवाज जरा चढवून, कुडापलीकडं जाईल असा, "आन् ह्या अनशीची. अनशीची दिष्ट आसंल तर जळू दी हितं."

बाई एक पाऊल पुढं आल्या. "माझंही नाव घ्या, आजी. लिहिणारीचं."

"आन् म्याडमची," आजी म्हणाली आणि मूठ शेगडीत झोकली.

मोहऱ्या तडतडल्या आणि मग काहीच नाही. मला पुडी ठाऊक होती, मिरची ठाऊक होती, बाईंनी सेकंद मोजलेले ठाऊक होते. तरी मी बाळाला छातीशी घट्ट धरलं. आजी निखाऱ्यांकडं बघत होती आणि तिचा चेहरा मला बघवेना. बाईंची नजर घड्याळावर, ओठ हलत होते, आकडे मोजत होत्या.

पहिला ठसका आत्यांना लागला. मग मला, मग आजीला, मग कुडापलीकडच्या रांगेला एकदम. कुणाच्या घागरी हिंदकळल्या, कुणी तोंडात पदर कोंबला. "आगं आय गं, केवढा ह्यो मिरचीचा खाट! मागं सरा, मागं सरा!" आत्या खोकत होत्या आणि हसत होत्या, बाळ माझ्या खांद्यावर शिंकलं, बाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. त्या धुरातनं मंगल कूड ओलांडून अंगणात आली. खोकल्यानं तिला धड बोलता येईना. पदराखालचं पोर तिनं बाहेर काढलं आणि आजीपुढं उभी राहिली.

"आजी, उद्या आमच्याकडं या. मी पाणी तापवून ठिवती."